लग्ने, बाळंतपणे आणि इंग्लंडची गादी : ‘द व्हाइट क्वीन’ पाहताना

बीबीसीने २०१३ मध्ये दाखवलेल्या ‘द व्हाइट क्वीन’ या दहा भागांच्या मालिकेची सुरुवात १४६४ या वर्षात होते. लढाईत नवरा गमावलेली एक तरुण विधवा, एलिझाबेथ वुडव्हिल, आपल्या दोन लहान मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली उभी राहते आणि तेथून जाणाऱ्या राजापुढे नवऱ्याच्या जमिनीसाठी दाद मागते. राजा चौथा एडवर्ड तिच्या प्रेमात पडतो आणि गुपचूप लग्न लावतो. इथवर सारे सरळ वाटते. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भागापर्यंत चार एडवर्ड, पाच रिचर्ड आणि दोन मार्गारेट समोर येऊन उभ्या राहतात, कालचा मित्र आज शत्रू होतो, तुरुंगातला राजा पुन्हा सिंहासनावर बसतो, आणि आपण नेमके कोणाचे भांडण पाहतो आहोत हेच प्रेक्षकाला कळेनासे होते. पहिल्या खेपेला माझेही तसेच झाले होते. दुसऱ्या खेपेला मी वही-पेन्सिल घेऊन बसले, वंशावळ मांडली आणि मग लक्षात आले की ज्या गोष्टींना मी कथेतील मधले विसावे समजत होते, ती लग्ने, बारसी आणि बाळंतपणेच या संघर्षाची खरी रणांगणे होती.

आधी नावांचा गुंता सोडवू. गादीसाठी भांडणाऱ्या दोन पक्षांची नावे, यॉर्क आणि लँकेस्टर, ही इंग्लंडमधील शहरांची नावे असल्यामुळे हे दोन प्रांतांमधील युद्ध असावे असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. राजाच्या धाकट्या मुलांना ड्यूक ही पदवी मिळत असे आणि तिला एखाद्या गावाचे किंवा परगण्याचे नाव जोडलेले असे. त्या पदवीवरून त्यांच्या वंशजांची पाती ओळखली जाई. यॉर्क शहरातील लोक यॉर्कच्याच बाजूने होते असेही नव्हते. शिवाय प्रत्येक बडा माणूस दोन नावांनी वावरतो. रिचर्ड नेव्हिल हा वॉरिकचा अर्ल असल्यामुळे सगळे त्याला नुसते वॉरिक म्हणतात, आणि राजाचे धाकटे भाऊ जॉर्ज व रिचर्ड यांचा उल्लेख कधी क्लॅरेन्स आणि ग्लॉस्टर असा होतो. पाळण्यातले नाव आणि पदवी यांची जोडी एकदा मनात बसली की अर्धी वाट सोपी होते.

आता मूळ तंट्याकडे वळू. मालिका १४६४ मध्ये सुरू होत असली तरी भांडणाचे बी त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी पेरले गेले होते. तिसरा एडवर्ड हा राजा १३७७ मध्ये वारला तेव्हा त्याचा थोरला मुलगा आधीच निवर्तला होता, म्हणून त्या थोरल्याचा दहा वर्षांचा मुलगा दुसरा रिचर्ड गादीवर आला. पुढे १३९९ मध्ये त्याच्या सख्ख्या चुलतभावाने त्याला पदच्युत केले आणि चौथा हेन्री म्हणून स्वतः राज्य घेतले. हा चुलतभाऊ तिसऱ्या एडवर्डच्या हयात राहिलेल्या मुलांपैकी तिसरा, म्हणजे लँकेस्टरचा ड्यूक जॉन, याचा मुलगा होता. ही झाली लँकेस्टरची पाती. पण या जॉनपेक्षा मोठा एक भाऊ होता, लायोनेल. त्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी होती. चौथ्या हेन्रीने गादी घेताना लायोनेलच्या मुलीच्या वंशाला बाजूला सारले, आणि तेथेच पुढच्या सगळ्या रक्तपाताची गाठ बसली.

यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, म्हणजे मालिकेतील राजा एडवर्डचा बाप, हा वडिलांकडून तिसऱ्या एडवर्डच्या चौथ्या मुलाचा नातू होता. केवळ या नात्याने त्याचा हक्क लँकेस्टरच्या मागे पडला असता. मात्र आईकडून तो दुसऱ्या मुलाचा, लायोनेलचा, खापरपणतू होता; त्या साखळीत लायोनेलची मुलगी आणि तिची नात अशा दोन बायका होत्या. म्हणजे सगळा प्रश्न एका ओळीत मांडता येतो: बाईच्या मार्फत राज्याचा हक्क पुढे जातो की नाही? जात असेल, तर यॉर्कची पाती थोरली ठरते. जात नसेल, तर लँकेस्टरची. याला लिखित कायद्यात ठाम उत्तर नव्हते. त्यात आणखी एक पेच होता. इंग्लंडचे राजे फ्रान्सच्या गादीवर जो दावा सांगत होते, तो तिसऱ्या एडवर्डच्या आईकडून आलेला होता. ती फ्रेंच राजकन्या होती आणि तिच्या हक्कावर शंभर वर्षांहून जास्त काळ युद्ध चालले होते. फ्रान्समध्ये स्त्रीमार्फत वारसा चालतो असे म्हणायचे आणि इंग्लंडमध्ये तो चालत नाही असे म्हणायचे, ही कसरत लँकेस्टरच्या राजांना करावी लागत होती.

असा दावा कागदावर कितीही भक्कम असला तरी राजा कर्तबगार असेपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाही. पाचवा हेन्री अझांकूरची लढाई जिंकलेला पराक्रमी राजा होता, त्याच्या काळात यॉर्कच्या हक्काने डोके वर काढले तरी ते लगेच चिरडले गेले. तो १४२२ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला आणि नऊ महिन्यांचे तान्हे मूल, सहावा हेन्री, राजा झाले. हे मूल मोठे होऊन धार्मिक, मृदू आणि निर्णय घेण्यास असमर्थ असा पुरुष झाले. १४५३ हे वर्ष सर्वात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फ्रान्समधील कॅले सोडून जवळपास सगळा मुलूख हातातून गेला, राजाची शुद्ध हरपली आणि वर्षाहून अधिक काळ तो कोणाला ओळखेनासा झाला, आणि त्याच काळात त्याची फ्रेंच राणी मार्गारेट ऑफ आंजू हिला मुलगा झाला. तोपर्यंत यॉर्कला आशा होती की निपुत्रिक राजानंतर गादी आपल्याकडे शांतपणे येईल. एका बाळंतपणाने ती वाट बंद केली. १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्स येथे पहिली लढाई झाली, १४६० च्या डिसेंबरात यॉर्क स्वतः मारला गेला आणि त्याच्या कापलेल्या मस्तकावर कागदी मुकुट ठेवून ते यॉर्क शहराच्या वेशीवर टांगण्यात आले. तीन महिन्यांच्या आत त्याच्या अठरा वर्षांच्या मुलाने चौथा एडवर्ड म्हणून राज्य घेतले आणि बर्फाच्या वादळात टाउटनची लढाई जिंकून ते पक्के केले. मालिकेचा पडदा उघडतो तो याच्यानंतर. पहिल्या भागात सगळ्यांच्या डोळ्यांत जी जुनी जखम दिसते ती हीच आहे, आणि एलिझाबेथचा नवरा लँकेस्टरच्या बाजूने लढताना पडलेला होता, हेही त्या पार्श्वभूमीवरच कळते.

आता त्या गुप्त लग्नाने एवढा गहजब का व्हावा, ते पाहू. राजाचे लग्न हे त्या काळातील परराष्ट्र धोरण होते. एडवर्डला गादीवर बसवण्यात सर्वात मोठा वाटा असलेला वॉरिक फ्रेंच दरबाराशी संबंधित वधूची बोलणी करण्यात गुंतला असताना राजाने भर सभेत सांगितले की आपले लग्न होऊन गेले आहे. वॉरिकची फजिती झाली ती झालीच, पण खरा घाव पुढे बसला. एलिझाबेथला भावंडे पुष्कळ होती, आणि राणीच्या माहेरच्या माणसांना मोठ्या घराण्यांत नांदवण्याचा सपाटा सुरू झाला. तिचा विशीतला भाऊ जॉन याचे लग्न साठी उलटलेल्या एका श्रीमंत विधवा डचेसशी लावण्यात आले. ती वॉरिकची आत्या होती. बड्या घराण्यांतील उपवर मुलगे राणीच्या बहिणींसाठी संपत गेले, आणि वॉरिकच्या दोन मुलींना शोभेल असा वर इंग्लंडमध्ये उरला तो राजाच्या भावांच्या रूपाने. तेथे राजाने नकार दिला. मालिकेत वॉरिकचा राग हा अपमानित अहंकाराचा म्हणून दिसतो, पण त्याच्यामागचा हिशेब जमिनीचा आणि वारशाचा होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे तो माणूस नीट समजतो.

वॉरिकसारखा सरदार राजाला घाबरत का नव्हता, हाही प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडतो. त्याचे उत्तर असे की राजाकडे पगारी कायमचे लष्कर नव्हते. सैन्य सरदारांकडे होते. जमिनीच्या उत्पन्नातून ते माणसे पोसत, त्यांना आपल्या चिन्हाचा बिल्ला देत, त्यांची कोर्टकचेरीतली कामे करून देत, आणि बदल्यात बोलावणे येताच त्यांनी हत्यार घेऊन हजर व्हायचे असा करार असे. वॉरिकच्या माणसांच्या अंगावर अस्वल आणि खडबडीत सोटा हे चिन्ह असायचे. लढाईत त्या शिपायाची निष्ठा बिल्ल्याशी असे, राजाशी दूरान्वयाने. पराभूत पक्षावर संसद ठराव करून राजद्रोहाचा शिक्का मारी आणि मग त्या घराण्याची जमीन, पदवी आणि मुलाबाळांचा वारसाहक्क सगळे जप्त होई. त्यामुळे बाजू बदलणे हे त्यांना निव्वळ फितुरीचे कृत्य वाटत नसे. वतन वाचवण्याचा तो एक मार्ग होता. महाराष्ट्रातील ज्या वाचकांनी जुन्या वतनांचे तंटे वाचले आहेत त्यांना ही मनोवृत्ती परकी वाटणार नाही.

१४६९ मध्ये वॉरिकने उठाव केला, राणीच्या बापाचे आणि भावाचे शिर उडवले, आणि आपली थोरली मुलगी राजाचा भाऊ क्लॅरेन्स याला दिली. ते साधले नाही तेव्हा त्याने जन्माची वैरीण असलेल्या मार्गारेट ऑफ आंजूशी तह केला आणि धाकटी मुलगी ॲन तिच्या मुलाला दिली. एकाच बापाच्या दोन मुली दोन वर्षांच्या आत दोन विरोधी राजघराण्यांत गेल्या. ॲन तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. मालिकेत तिचे पात्र मला सर्वात करुण वाटते, कारण प्रत्येक तहात ती एक कलम असते आणि तिला कोणी विचारत नाही. १४७० च्या शरद ऋतूत एडवर्डला देश सोडून पळावे लागले आणि वेडसर सहाव्या हेन्रीला पुन्हा गादीवर बसवण्यात आले. गरोदर एलिझाबेथ मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टरच्या मठात आश्रयाला गेली. मठाच्या आवारात शिरलेल्या माणसाला बळाने बाहेर ओढणे हे पाप मानले जाई, आणि ती धार्मिक भीती हीच तिची भिंत होती. तेथे नोव्हेंबरात तिने मुलाला जन्म दिला. ज्या क्षणी यॉर्कचा राजा परदेशात निर्वासित होता त्या क्षणी यॉर्कला वारस मिळाला. एक योगायोग सांगण्याजोगा आहे: मालिकेचे चित्रीकरण बेल्जियममध्ये झाले आणि ब्रूज शहराचे जुने रस्ते पडद्यावर लंडन म्हणून दिसतात, प्रत्यक्षात एडवर्डने निर्वासनातील काही काळ याच ब्रूजमध्ये एका धनाढ्य सरदाराच्या घरी पाहुणा म्हणून काढला होता.

१४७१ च्या मार्चमध्ये एडवर्ड परतला, एप्रिल-मे मध्ये बार्नेटच्या धुक्यात वॉरिक मारला गेला, ट्यूक्सबरी येथे लँकेस्टरचा राजपुत्र पडला आणि थोड्याच दिवसांत सहावा हेन्री लंडनच्या टॉवर या किल्ल्यात मेलेला आढळला. त्यानंतरची बारा वर्षे तुलनेने शांत गेली. त्यातील मोठी घटना एवढीच की राजाने आपल्या सख्ख्या भावाला, क्लॅरेन्सला, १४७८ मध्ये राजद्रोहासाठी ठार करवले.

१४८३ चा उन्हाळा मात्र सावकाश समजून घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये एडवर्ड अकस्मात वारला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षाला काही दिवस कमी असताना. मुलगा पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा होता. अज्ञान राजाच्या वतीने कारभार पाहण्याचा अधिकार बापाकडच्या काकाकडे, म्हणजे ग्लॉस्टरच्या रिचर्डकडे, जावा की आईच्या माहेरच्या माणसांकडे, हा पहिला सवाल होता. रिचर्डने वाटेतच मुलाला ताब्यात घेतले आणि राणीच्या भावाला कैद केले. एलिझाबेथ दुसऱ्यांदा त्याच मठात गेली. जूनमध्ये तिचा धाकटा, नऊ वर्षांचा मुलगाही तिच्याकडून काढून घेण्यात आला. यानंतर जो मुद्दा पुढे आला तो आजच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. चौथ्या एडवर्डने एलिझाबेथच्या आधी लेडी एलेनॉर नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीला विवाहाचे वचन दिले होते, असे जाहीर करण्यात आले. चर्चच्या कायद्यानुसार विवाहाला पुरोहित, साक्षीदार किंवा समारंभ लागतच असे नाही. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना दिलेला शब्द आणि त्यानंतरचा सहवास एवढ्यावर विवाह सिद्ध होत असे. असा शब्द खरोखर दिलेला असेल, तर एलिझाबेथचे लग्न मुळातच रद्दबातल ठरते आणि तिची सगळी मुले अनौरस ठरतात. अनौरस मुलाला गादी मिळत नाही. पहिल्या भागात जे गुप्त लग्न प्रेमाचा विजय म्हणून दाखवले गेले, त्याच गुप्ततेने एकोणीस वर्षांनी मुलांचा घात केला, कारण उघड समारंभ झाला असता तर आक्षेप घ्यायला तेव्हाच संधी मिळाली असती आणि प्रश्न तेथेच मिटला असता. ६ जुलैला तिसऱ्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला. टॉवरमध्ये ठेवलेले दोन्ही भाऊ त्या उन्हाळ्यानंतर कोणाला दिसले नाहीत.

त्यांचे काय झाले याबद्दल मालिका स्वतःचे उत्तर देते, आणि येथे प्रेक्षकाने इतिहास व कल्पना यांच्यात रेघ ओढली पाहिजे. एलिझाबेथ धाकट्या मुलाच्या जागी दुसराच मुलगा पाठवते, हे कल्पित आहे. संशयाचा धागा लँकेस्टरच्या बाजूच्या मार्गारेट ब्युफोर्टपर्यंत, म्हणजे पुढे राजा झालेल्या हेन्री ट्यूडरच्या आईपर्यंत, नेलेला आहे, पण त्या काळातील कोणत्याही लिखाणात तिच्यावर तसा आरोप नाही; बहुसंख्य इतिहासकारांचा रोख ज्याच्या ताब्यात मुले होती त्या रिचर्डकडेच राहिला आहे. एलिझाबेथ आणि तिची आई जॅकेटा यांची जादू पडद्यावर खरी ठरते. प्रत्यक्षात जॅकेटावर जादूटोण्याचा आरोप झाला होता हे खरे, तो वॉरिकच्या उठावाच्या काळात झाला आणि नंतर ती निर्दोष ठरली. १४८४ मध्ये रिचर्डच्या संसदेने एलिझाबेथचे लग्न नाकारताना तोच आरोप पुन्हा उगाळला. सामर्थ्यवान बाईला पाडण्याचे ते एक ठरलेले हत्यार होते. मालिकेने तो आरोप खरा मानून कथा रंगवली, याचे मला वाईट वाटते. ज्या बायकांना खोट्या बोलण्याने छळले गेले त्यांच्याच तोंडी ते खोटे पुन्हा घालण्यासारखे ते आहे. राणीची थोरली मुलगी, राजकन्या एलिझाबेथ, आणि तिचा काका रिचर्ड यांच्या प्रेमाची कुजबूज मात्र तेव्हाही होती, इतकी की रिचर्डला १४८५ मध्ये जाहीरपणे तिचा इन्कार करावा लागला.

मार्गारेट ब्युफोर्ट हे पात्र मालिकेत कर्कश आणि धर्मवेडे वाटते, तरी तिच्या आयुष्याचा तपशील समजला की तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. बारा वर्षांची असताना तिचे लग्न सहाव्या हेन्रीचा सावत्र भाऊ एडमंड ट्यूडर याच्याशी झाले. तेरा वर्षांची असताना, नवरा प्लेगने वारल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, पेम्ब्रोकच्या किल्ल्यात तिने हेन्री ट्यूडरला, म्हणजे पुढच्या सातव्या हेन्रीला, जन्म दिला. त्यानंतर तिला पुन्हा कधीही मूल झाले नाही. तिचा राजवंशाशी संबंध होता तो लँकेस्टरच्या जॉनच्या विवाहबाह्य संततीमार्फत. त्या संततीला पुढे औरस ठरवण्यात आले, पण राजपदाचा अपवाद १४०७ मध्ये मुद्दाम लिहून ठेवला गेला. एवढ्या क्षीण हक्कावर तिचा मुलगा चौदा वर्षे परदेशात जीव मुठीत धरून राहिला. १४८३ नंतर लँकेस्टरमध्ये दुसरे कोणी उरलेच नव्हते म्हणून तो पुढे आला. मग मुलगे हरवलेल्या एलिझाबेथने आणि मुलगा दुरावलेल्या मार्गारेटने, दोघींकडे जाणाऱ्या एका वैद्याच्या मार्फत निरोप पाठवून सोयरीक ठरवली: हेन्री ट्यूडरने गादी जिंकावी आणि एलिझाबेथच्या थोरल्या मुलीशी लग्न करावे. माझ्या मते सगळ्या मालिकेतील सर्वात मोठी राजकीय घटना हीच आहे, आणि तिच्यात एकही तलवार उपसलेली नाही.

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थ येथे रिचर्ड लढता लढता मारला गेला. मार्गारेटचा तेव्हाचा नवरा थॉमस स्टॅन्ली सैन्य घेऊन तटस्थ उभा राहिला आणि ऐन वेळी त्याच्या भावाने हेन्रीच्या बाजूने घोडे घातले. सातव्या हेन्रीने आपली कारकीर्द लढाईच्या आदल्या दिवसापासून मोजायला लावली, म्हणजे रिचर्डच्या बाजूने लढलेले सगळेच कायद्याने राजद्रोही ठरावेत. लग्नापूर्वी मात्र त्याच्यापुढे एक अवघड पेच होता. वधूला औरस ठरवल्याशिवाय तिच्याशी लग्न करण्यात अर्थ नव्हता, आणि तिला औरस ठरवले की तिचे भाऊही औरस ठरत होते. ते जिवंत असते तर राज्य हेन्रीचे नव्हे, त्यांचे होते. त्याने एलिझाबेथचे लग्न नाकारणारा रिचर्डचा कायदा संसदेत न वाचताच रद्द करवला, त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला आणि १८ जानेवारी १४८६ ला लग्न केले. लँकेस्टरच्या लाल व यॉर्कच्या पांढऱ्या पाकळ्यांचे एकत्र गुलाबचिन्ह त्यानंतरचे आहे; या संघर्षाला दिलेले ‘गुलाबांची युद्धे’ हे नावही त्या काळचे नाही, ते फार मागाहून रूढ झाले.

मालिका प्रसारित झाली त्याच्या आदल्या वर्षी लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली पाठीचा कणा वाकलेला एक सांगाडा सापडला होता. तो तिसऱ्या रिचर्डचाच आहे हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याच्या बहिणीपासून आई-मुलगी अशा अखंड साखळीने आलेले आजचे वंशज शोधले, आणि आईकडूनच संततीत उतरणारा डीएनए त्यांच्याशी जुळला. बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनएही तपासला गेला. त्यासाठी तिसऱ्या एडवर्डपासून पुरुषपरंपरेने आलेले म्हणून नोंद असलेले आजचे पुरुष निवडले होते, आणि त्यांच्याशी तो जुळला नाही. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी वंशावळीत लिहिलेला बाप खरा बाप नव्हता.